मोटारहोमच्या फायबरग्लास छताची देखभाल

मोटारहोमच्या फायबरग्लास छताची देखभाल म्हणजे निवासाची सोय असलेल्या मोटारवाहनाचे काचतंतू-प्रबलित प्लास्टिकचे छत ऊन, पाऊस, हिम आणि प्रवासातील हादरे यांपासून सुरक्षित राखण्यासाठी केली जाणारी नियमित कामे होत. छताची तपासणी, धुलाई, उजाळा, मेण किंवा अन्य संरक्षक लेप लावणे, सांध्यांवरील सीलंट नवे करणे आणि तडे बुजवणे यांचा त्यात समावेश होतो. फायबरग्लास लोखंडासारखे गंजत नाही आणि लाकडासारखे कुजत नाही. या गुणामुळेच अशा छताकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात मोटारहोमचे मोठे नुकसान बहुधा छताच्या पत्र्यामुळे नव्हे, तर त्यावरील सांध्यांतून आत झिरपणाऱ्या पाण्यामुळे होते. म्हणून पृष्ठभागाचे उन्हापासून आणि सांध्यांचे पाण्यापासून रक्षण करणे हे या देखभालीचे दुहेरी उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे तंत्र १९३०च्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. १९३८ साली स्थापन झालेल्या ओवेन्स-कॉर्निंग या कंपनीने या तंतूंचे उत्पादन रुजवले. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या मिश्रणातून हलका, मजबूत आणि साच्यात हवा तसा घडवता येणारा पदार्थ मिळू लागल्यावर नौका आणि वाहने यांसाठी त्याचा वापर सुरू झाला. १९५३ साली आलेली शेव्हरोले कॉर्व्हेट ही फायबरग्लासचे बाह्यांग असलेली प्रसिद्ध मोटार होय. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ साली बनू लागलेल्या ‘बोलर’ या छोट्या प्रवासी ट्रेलरचे संपूर्ण कवच फायबरग्लासचे होते. पुढे अमेरिकेतील अनेक मोटारहोम उत्पादकांनी छतासाठी हा पदार्थ स्वीकारला. आज छतासाठी फायबरग्लासबरोबरच ॲल्युमिनियम, ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर आणि टीपीओ हे प्लास्टिक वापरले जाते. प्रत्येकाची देखभाल वेगळी असल्यामुळे छत नेमके कशाचे आहे, हे आधी उत्पादकाच्या पुस्तिकेवरून निश्चित करणे आवश्यक असते.

छताची रचना

फायबरग्लास छताचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात छत साच्यात अखंड घडवलेले असते. दुसऱ्या प्रकारात कारखान्यात सलग बनवून गुंडाळी केलेला पातळ पत्रा छताच्या सांगाड्यावर पसरून खालच्या प्लायवुडला चिकटवला जातो. मोठ्या मोटारहोममध्ये दुसरा प्रकार अधिक दिसतो.

दोन्ही प्रकारांत सर्वांत वरचा थर जेलकोट हा असतो. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेले रेझिन होय. साच्यातील वस्तूंवर त्याची जाडी साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गुंडाळीच्या पत्र्यावर ती याहून कमी असू शकते. जेलकोटच्या खाली काचतंतू व रेझिनचा थर, त्याखाली प्लायवुड, मग उष्णतारोधक फोम आणि शेवटी आतील छत असा क्रम असतो. छताला मध्यभागी किंचित फुगवटा दिलेला असल्यास पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते.

छत दिसायला सलग असले, तरी त्याला अनेक ठिकाणी छिद्रे पाडलेली असतात. वातानुकूलन यंत्र, हवेच्या खिडक्या, स्वच्छतागृहाची वायुनलिका, प्रकाशझरोका, अँटेना, सौरपट्ट्यांचे पाय आणि मागील शिडी यांसाठी ती लागतात. अमेरिकी वाहनांत वातानुकूलन यंत्र आणि हवेच्या खिडकीसाठी १४ इंच लांब व १४ इंच रुंद असे चौकोनी छिद्र प्रचलित आहे. अशा प्रत्येक छिद्राची कड आणि त्याभोवतीचा प्रत्येक स्क्रू ही पाणी शिरण्याची संभाव्य जागा असते.

झीज होण्याची कारणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे जेलकोटच्या झिजेचे प्रमुख कारण होय. या किरणांमुळे आणि हवेतील ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावरील रेझिनचे रेणू तुटतात. आधी चमक जाते, मग पृष्ठभाग खडूसारखा पांढरट होतो आणि हात फिरवल्यास भुकटी निघते. थर आणखी झिजल्यास खालचे काचतंतू उघडे पडतात. हिवाळा घालवण्यासाठी अनेक मोटारहोमधारक अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या कोरड्या व उन्हाळ प्रदेशात मुक्काम करतात. पावसापासून बचाव झाला, तरी अशा मुक्कामात छताला उन्हाचा मारा सोसावा लागतो.

तापमानातील बदल हे दुसरे कारण आहे. वेगवेगळे पदार्थ उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. दहा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ९ मिलिमीटरने लांबते. छताच्या कडेला अशी पट्टी फायबरग्लास व लाकूड यांच्याशी जोडलेली असते. त्यामुळे सांध्यावरील सीलंट रोज ताणले व दाबले जाते. त्यात रस्त्यावरील हादऱ्यांची भर पडते. सीलंट लवचीक असेपर्यंत हा ताण सोसते. ते वाळून कडक झाले की त्याला चिरा पडतात.

तिसरे कारण पाणी हे होय. केसाएवढ्या चिरेतून शिरलेले पाणी प्लायवुडमध्ये पसरते. लाकूड फुगते, गोंदाची पकड सुटते, बुरशी धरते आणि कालांतराने लाकूड भुसभुशीत होते. थंड प्रदेशात चिरेतील पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे चीर आणखी रुंदावते. झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, कुजणारी पाने आणि फांद्यांचे घर्षण यांमुळेही पृष्ठभाग खराब होतो.

तपासणी

अनेक उत्पादक दर तीन ते सहा महिन्यांनी छताची तपासणी करण्याचा सल्ला देतात. याशिवाय लांबचा प्रवास, वादळ, गारपीट किंवा फांदीचा आघात झाल्यावर वेगळी तपासणी करणे योग्य ठरते.

तपासणीत सर्व सांधे क्रमाने पाहिले जातात. सीलंट कडेने उचललेले, चिरलेले, आक्रसलेले किंवा स्क्रूवरून निघालेले आहे का, याची नोंद घेतली जाते. छतावर फुगवटा आढळल्यास पत्रा प्लायवुडपासून सुटल्याचा संशय घ्यावा. हाताने दाबल्यावर एखादा भाग मऊ लागल्यास खालचे लाकूड कुजले असण्याची शक्यता असते. गडद रंगाचे कापड छतावर घासल्यास त्याला पांढरी भुकटी लागते की नाही, यावरून जेलकोटची स्थिती कळते.

वाहनाच्या आतील खुणाही तितक्याच महत्त्वाच्या असतात. छताला पडलेले पिवळट डाग, कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांतील ओल, भिंतीच्या कागदाला आलेल्या सुरकुत्या आणि कुबट वास ही गळतीची लक्षणे होत. पाणी ज्या ठिकाणी दिसते तेथूनच शिरलेले असते असे नाही. ते सांगाड्याच्या आधाराने बरेच अंतर वाहत जाऊ शकते. लाकडातील ओलावा मोजणारे उपकरण अशा वेळी उपयोगी पडते. काही कार्यशाळांत पंख्याने वाहनाच्या आत हवेचा सौम्य दाब निर्माण करून बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडतात. ज्या जागी बुडबुडे येतात, तेथे गळती असते.

धुलाई

छत धुण्यासाठी सौम्य साबण, भरपूर पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरेसा असतो. एका वेळी छोटा भाग घासून लगेच धुतला जातो, म्हणजे साबण वाळून डाग पडत नाहीत. छत धुताना आणि त्यानंतर वाहनाच्या बाजूंवरूनही पाणी सोडावे लागते. अन्यथा छतावरील मळ व भुकटी यांचे काळे ओघळ भिंतींवर राहतात. खरखरीत घासणी, कठीण कणांची पावडर आणि तीव्र द्रावके वापरल्यास जेलकोटवर ओरखडे पडतात किंवा त्याची चमक जाते. उच्च दाबाच्या पाण्याचा झोत सांध्यांजवळ नेल्यास सीलंट उखडून पाणी आत शिरू शकते.

उजाळा आणि मेण

भुकटी निघत असलेल्या छतावर थेट मेण लावल्यास ते नीट धरत नाही. म्हणून आधी घासणाऱ्या मलमाने मृत थर काढला जातो, मग बारीक पॉलिशने उजाळा दिला जातो आणि शेवटी मेण लावले जाते. झीज फार असल्यास पाणी वापरून अतिबारीक पॉलिश पेपरने घासण्याची पद्धत आहे. मात्र जेलकोट एकदा घासून गेला की परत येत नाही. गुंडाळीच्या पातळ पत्र्यावर तर हे काम विशेष जपून करावे लागते.

मेणांमध्ये ब्राझीलमधील कार्नाउबा या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे मेण प्रसिद्ध आहे. त्याऐवजी अधिक काळ टिकणारे कृत्रिम पॉलिमरचे लेपही वापरतात. अतिनील किरणांना रोखणारे घटक असलेला लेप छतासाठी श्रेयस्कर मानला जातो. उन्हाच्या प्रदेशात हे काम वर्षातून दोनदा करण्याची प्रथा आहे. मेणामुळे छत निसरडे होते, हेही लक्षात ठेवणे आवश्यक असते.

सांधे आणि सीलंट

छताच्या आडव्या भागावरील स्क्रू व कडांसाठी स्वतः पसरून समतल होणारे सीलंट वापरतात. उभ्या किंवा उतरत्या कडेवर ते ओघळून जात असल्यामुळे तेथे घट्ट प्रकार लागतो. खिडकी किंवा झरोक्याची चौकट आणि छत यांच्यामध्ये ब्युटाइल रबराची चिकट पट्टी बसवली जाते. वरचे सीलंट हा त्यावरील दुसरा पहारा असतो.

सर्वसाधारण सिलिकॉन सीलंट छतावर टाळण्याचा सल्ला दिला जातो. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला, तर पुढे कोणतेही दुसरे सीलंट किंवा रंग तेथे नीट चिकटत नाही. जुने सीलंट घट्ट चिकटलेले व निर्दोष असल्यास ते स्वच्छ करून त्यावर त्याच जातीचा नवा थर देता येतो. सुटलेले किंवा चिरलेले सीलंट मात्र प्लास्टिकच्या पात्याने काढणे इष्ट असते. सांध्याखाली पाणी असताना वरून सीलंट लावल्यास ओल आतच कोंडली जाते आणि कुजण्याची क्रिया चालू राहते. म्हणून लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय सांधा बंद करू नये.

तडे व छिद्रे यांची दुरुस्ती

फक्त जेलकोटवर पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा किंचित रुंद करून जेलकोटच्या लुकणाने भरल्या जातात. काचतंतूंच्या थरापर्यंत गेलेल्या तड्यासाठी भोवतालचा भाग घासून उतरता केला जातो. या उताराची रुंदी थराच्या जाडीच्या सुमारे १२ पट ठेवतात. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर चढवले जातात.

पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड हे द्रव्य साधारणपणे १ ते २ टक्के प्रमाणात मिसळतात. ते डोळ्यांना अत्यंत घातक आहे. रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ आणि घासताना उडणारी काचेची धूळ यांपासून बचावासाठी चष्मा, हातमोजे व योग्य मुखवटा आवश्यक असतो. जेलकोट संपूर्ण छतावर झिजला असल्यास पृष्ठभाग घासून, अस्तर देऊन त्यावर ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन किंवा अन्य लवचीक लेप चढवला जातो. खालचे लाकूड कुजलेले असल्यास मात्र वरून दिलेला लेप उपयोगाचा नसतो. पत्रा उचलून लाकूड बदलावे लागते.

हिवाळा आणि साठवण

बराच काळ न वापरलेले वाहन छप्पराखाली ठेवणे सर्वांत उत्तम. तशी सोय नसल्यास हवा खेळणारे आच्छादन वापरतात. साधी ताडपत्री वाऱ्याने फडफडून जेलकोट घासते आणि तिच्याखाली ओल साचते. साचलेल्या हिमाचा भार बराच असतो. घनमीटरमागे १०० किलोग्रॅम असे ताज्या हिमाचे वजन धरल्यास, २५ चौरस मीटरच्या छतावरील ३० सेंटिमीटर थराचे वजन ७५० किलोग्रॅम होते. ओले हिम याहून कितीतरी जड असते. ते काढण्यासाठी धातूचे फावडे न वापरता मऊ अवजार वापरले जाते.

सुरक्षितता

प्रत्येक छत माणसाचे वजन पेलण्याइतके मजबूत नसते. चढण्यापूर्वी उत्पादकाची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. पुरेसे मजबूत छत असल्यासही फळी टाकून वजन विभागणे हितावह असते. ओल्या, मेण लावलेल्या किंवा दवाने भिजलेल्या छतावर चढू नये. वाऱ्याच्या दिवशी आणि विजेच्या तारांखाली असे काम करणे धोक्याचे आहे. शक्य तेवढे काम बाजूला उभ्या केलेल्या भक्कम शिडीवरून करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

भारतातील संदर्भ

भारतात मोटारहोमचा वापर मर्यादित असला, तरी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण स्वीकारले आहे. कोकण आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस सलग कित्येक दिवस पडतो. अशा हवेत भिजलेले प्लायवुड वाळण्यास अवधी मिळत नाही. म्हणून सांध्यांची तपासणी व दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत उरकणे महत्त्वाचे ठरते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या फायबरच्या होड्यांतही काचतंतू आणि रेझिन हेच घटक असतात. त्यामुळे तडे भरणे व रेझिनचे थर चढवणे हे कौशल्य या भागातील होडी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना परिचित आहे.