घनता आणि तरंगणे-बुडणे

घनता आणि तरंगणे-बुडणे : वस्तूच्या एक घनसेंटिमीटर आकारमानात किती ग्रॅम वस्तुमान आहे, ते तिची घनता सांगते. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता 1 असते. वस्तूची सरासरी घनता त्याहून कमी असेल तर ती तरंगते, जास्त असेल तर बुडते. नियम एवढाच. घोळ होतो तो सरासरी काढताना, कारण पोकळीतली हवाही त्या हिशेबात धरावी लागते. जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. सागवानाचा अख्खा ओंडका नदीवर तरंगतो, तर टाचणी तळ गाठते. लाकडातही सगळेच तरणारे नसते. खानदेशातल्या अंजनाचे वाळलेले लाकूड पाण्यापेक्षा जास्त घनतेचे असते आणि ते बुडते.

वस्तू पाण्यात जेवढी जागा घेते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते, हे सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात मांडले. त्याचा हिशेब शर्यतीच्या होडीवर करून पाहता येतो. पुण्यातल्या दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात (सीएमई) लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. या शर्यतीच्या होडीचे किमान वजन 14 किलो. तिच्यात 73 किलोचा खेळाडू बसला आणि वल्ही धरून एकूण भार 90 किलो झाला, तर होडी 90 लिटर पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जाते आणि तिथेच थांबते.

पुण्याजवळ ताथवड्यापासून भोसरी-चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात तरंगण्या-बुडण्याचा हा नियम पोटापाण्याचाही आहे. पाण्याची रिकामी, झाकण लावलेली बाटली पवना नदीवरून तरंगत जाताना कोणीही पाहिली असेल. तीच बाटली भंगारात आली, तिचा चुरा झाला आणि तो पाण्याच्या टाकीत टाकला की चित्र बदलते. बाटलीचे पेट प्लास्टिक 1.38 घनतेचे, ते बुडते, झाकण पॉलिप्रॉपिलीनचे (0.91) किंवा एचडीपीईचे (सुमारे 0.95), ते वर राहते. आतली हवा गेली, एवढाच फरक. प्लास्टिकचा पुनर्वापर करणारे कारखाने याच पद्धतीने मिसळलेला चुरा वेगळा करतात. पेट आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात, त्यांच्यापुढे साधे पाणी हात टेकते. पॉलिस्टायरीन (1.05) आणि पेट वेगळे करायचे असतील तर पाण्यात मीठ विरघळवून त्याचीच घनता वाढवतात. संपृक्त मिठाचे पाणी 1.2 पर्यंत जाते. त्यात पॉलिस्टायरीन वर येते, पेट तळाशीच राहते.

मोटारीचा बंपर या टाकीला हमखास चकवतो. बंपर मुख्यतः पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे खरे तर तरंगणारे. पण त्यांना ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते आणि तिची घनता 2.7 च्या घरात. वजनाने 10 टक्के पूड असेल तर मिश्रण 0.97 वर येते आणि तरंगते. 20 टक्के असेल तर 1.05 होते आणि बुडते. सीमारेषा 14 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे एकाच प्लास्टिकचे दोन बंपर टाकीत दोन दिशांना जाऊ शकतात. बुडाले म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नव्हे, असा निष्कर्ष काढणारा फसतो.

घनतेने दिशा ठरते. वेग केवळ तिने ठरत नाही. ताथवड्याजवळच्या रावेत बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड महापालिका पवनेचे पाणी उचलते आणि निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध करते. पावसाळ्यात त्या पाण्यात मातीचे कण असतात, घनता सुमारे 2.6. बुडायला हवेत, पण ते इतके बारीक असतात की पाण्याच्या विरोधापुढे त्यांचे वजन नगण्य ठरते आणि ते दिवसचे दिवस अधांतरी राहतात. अशा गढूळ पाण्यात तुरटीसारखा क्षार घातला की कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात. पुंजक्यात पाणी अडकल्याने त्याची घनता मूळ कणापेक्षा कमी असते, तरीही आकार मोठा असल्याने तो लवकर तळाशी बसतो.

पवनेवर पसरणारी जलपर्णी हे उलट टोक. ॲमेझॉन खोऱ्यातून आलेल्या या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, पण फुगीर देठांतल्या हवेच्या पोकळ्या तिला वर धरून ठेवतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पोकळ गणेशमूर्तीही विसर्जनानंतर काही काळ याच कारणाने अर्धवट तरंगतात. शाडूची भरीव मूर्ती सरळ बुडते.

पोकळ्या धातूतही पडतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या ओतकामात घनता मोजणे हा गुणवत्ता तपासणीचा भाग आहे. वितळलेल्या धातूत हायड्रोजन विरघळतो आणि धातू थिजताना त्यामुळे छिद्रे पडतात. ती तपासण्यासाठी दोन नमुने घेतात. एक उघड्या हवेत थिजवतात, दुसरा 80 मिलिबार इतक्या कमी दाबाखाली. दोन्ही आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलतात. दोन वजनांतल्या फरकावरून घनता निघते. घनता 2.65 आणि 2.57 आल्या, तर घनता निर्देशांक, म्हणजे दोन्हींतल्या फरकाचे पहिल्या घनतेशी प्रमाण, सुमारे 3 टक्के. निर्देशांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला, तर धातूतला वायू पुन्हा काढून मगच ओतकाम करतात.