खुब्यातल्या रेघांची कुळकथा

साध्या एक्स-रेवरून हाडांची घनता सांगणाऱ्या संगणकाचं कूळ शोधत मागे गेलं की वाट रेल्वेच्या पुलापाशी पोचते. मलकापूर, नांदुरा, शेगाव करत आगगाडी नागपूरला पोचली ते साल १८६७. त्याच साली झुरिकच्या हेर्मान मेयरने खुब्याच्या हाडातल्या जाळीवर निबंध छापला. त्या हाडाचे पातळ काप कार्ल कुल्मान या रेल्वेपुलांच्या अभियंत्याने पाहिले होते. वाकड्या क्रेनमध्ये दाब आणि ताण ज्या रेषांनी वाहतो, तशाच रेषा त्याला हाडात दिसल्या.

इंग्लंडच्या वॉर्डचा मान आधीचा, असं काही जण म्हणतात. १८३८ मध्येच त्याने या जाळीची तुलना दिव्याच्या ब्रॅकेटशी केली होती. खरं आहे, पण गणिताची जोड कुल्मानने दिली, म्हणून मूळपुरुष तोच.

राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि हाड न कापता या रेघा दिसू लागल्या. पुढचा दुवा आपल्या देशातला. १९७० मध्ये सिंग, नागरथ आणि मैनी यांनी खुब्याच्या एक्स-रेतल्या याच रेघांना ६ ते १ अशा पायऱ्या दिल्या. हाड झिजताना आधी दुय्यम रेघा पुसट होतात. मग ताणाच्या तुटतात. शेवटी दाबाच्या मुख्य रेघाच काय त्या उरतात, आणि त्याही विरळ. अडचण एकच: एकाच फोटोवर दोन डॉक्टरांचं एकमत होईना. १९८७ नंतर घनता थेट मोजणारं डेक्सा यंत्र आलं आणि ही पद्धत मागे पडली.

तैवानच्या संशोधकांनी २०२१ मध्ये खुब्याच्या आणि कमरेच्या एक्स-रेंना डेक्साची उत्तरं जोडून संगणक शिकवला. तो नेमकं काय पाहतो? एक पक्ष म्हणतो, फोटोची उजळ-काळी छटा. त्यासाठी पूर्वी हाडाशेजारी ॲल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी ठेवून फोटो काढत. मला हे पटत नाही. साध्या फोटोत अशी पट्टी नसते, आणि किरणांचा जोर किंवा रुग्णाची जाडी बदलली की छटा बदलते. म्हणून तो सिंगांच्याच रेघा वाचतो, असं मी ठामपणे म्हणेन. दुसरी शंका जास्त अवघड आहे: असे संगणक फोटोवरून वयही ताडतात, आणि वय कळलं की घनतेचा बराच अंदाज तिथेच बांधून होतो.

बुलढाण्यात, किंबहुना विदर्भात कुठेही हे वापरायचं तर आधी यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडग्रस्त गावांतले फोटो त्याला दाखवायला हवेत. तिथे हाड घट्ट दिसतं आणि तरी मोडतं. अशा हाडापुढे डेक्साही फसतं, मग त्याच्या उत्तरांवर शिकलेला संगणक कसा वाचेल? जाळीही तिथे जाड आणि धूसर होते. त्यामुळे त्या गावांत माझ्या रेघांचा पक्षही अडतो.