मरीआईचा गाडा आणि समुद्रातील विषाणू

एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलुखाचा इतिहास पटकीला वगळून लिहिता येत नाही. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली साथ १८१८ मध्ये दख्खनेत आणि मुंबईत पोचली आणि पुढे वारंवार येत राहिली. गावांनी तिला मरीआईचा कोप मानले. देवीचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला की आपले गाव सुटले, अशी समजूत होती. पुढच्या गावाचे काय, हा प्रश्न त्या गावाचा!

इंग्रज सरकारचा या विधीवर विश्वास नव्हता. पण दोष दुसऱ्याच्या दारात सोडण्याची वृत्ती त्यालाही परकी नव्हती. आरोग्य अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पंढरपूरची यात्रा हे साथ पसरवणारे केंद्र होते आणि वारकरी हा रोगाचा वाहक. आमच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि विसाव्या शतकात ती पंढरपूरला जोडली गेली. यात्रेकरूंची सोय वाढली, तशी त्यांच्याविषयीची धास्तीही.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जीवाणू ओळखला. तरी माणूस आजारी नसताना हा जीवाणू राहतो कोठे, हे कोडे उरलेच. त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाडीच्या पाण्यात सापडले. रिटा कोल्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की निमखारे पाणी हेच त्याचे घर असून कोपेपॉड या सूक्ष्म प्राणिप्लवकांना चिकटून तो तेथे टिकतो. वनस्पतिप्लवक माजले की त्यांवर जगणारे प्राणिप्लवक वाढतात आणि त्यांच्याबरोबर हा जीवाणूही.

पुढचा शोध अधिक चकित करणारा होता. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू असतात, याची जाणीव १९८९ नंतर झाली. त्यांपैकी बहुतेक जीवाणूंवर जगतात. १८९६ मध्ये हँकिन यांना गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरताना दिसले. त्यामागे असेच विषाणू असावेत, असे पुढे मानले गेले. परंतु सगळेच विषाणू जीवाणूला मारत नाहीत. वाल्डोर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले की पटकीचे विष तयार करणारे जनुक जीवाणूला एका विषाणूकडून मिळालेले आहे. ज्या विषाने गावे ओस पडली, ते मुळात जीवाणूचेही नव्हते.

म्हणून अहवाल सर्वस्वी खोटे ठरतात काय? नाही. भीमा म्हणजे समुद्र नव्हे. यात्रेत रोग पसरला तो मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातूनच. पण पाणी शुद्ध पुरवण्याची जबाबदारी सरकारची होती, आणि अहवालांतील 'वाहक' हा शब्द ती जबाबदारी वारकऱ्याच्या अंगावर टाकतो. बांगलादेशातील ६५ गावांत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, कारण प्लवक कापडात अडकले. फडक्यातून पाणी गाळण्याची रीत आपल्या घरांतही जुनीच. वसाहतकालीन कागदपत्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्यांतील 'अडाणी यात्रेकरू' आम्हांला आता निमूटपणे स्वीकारता येत नाही.