टब घरी कसा आला? जलोपचाराचा दोनशे वर्षांचा प्रवास

घडी घालून दाराआड ठेवता येणारा प्लॅस्टिकचा बाथटब हल्ली सहज मिळतो. आईचे गुडघे दुखतात, वडिलांना मूळव्याध आहे, स्वतःची पाठ धरते, म्हणून तो घ्यावा का, असे बरेच रुग्ण विचारतात. सोबतच्या माहितीपत्रकात ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ असेही छापलेले असते. हा टब आणि हा दावा, दोन्ही कुठून आले ते पाहिले की त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे सोपे जाते.

पाण्याने उपचार: जुनीच गोष्ट

पाण्यात बसून शेक घेणे आपल्याला नवे नाही. चरकसंहितेत स्वेदनाचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यात ‘अवगाहन’, म्हणजे गरम काढ्यात किंवा पाण्यात बसणे, हा एक आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आजही लोक सांधेदुखीसाठी जातात.

आज आपण ज्याला जलोपचार म्हणतो, त्याची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात घडली. ग्रेफेनबर्ग या डोंगराळ गावात (आता ते चेक प्रजासत्ताकात आहे) व्हिन्सेंट प्रीस्निट्झ नावाचा शेतकरी थंड पाण्याच्या पट्ट्या, ओल्या चादरी आणि कटिस्नान यांनी उपचार करू लागला. १८३९ सालापर्यंत त्याच्याकडे वर्षाला सुमारे दीड हजार रुग्ण येऊ लागले होते. पुढे बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी १८८६ साली जलोपचारावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत घराघरांत पोहोचवली.

ग्रेफेनबर्गला रुग्ण फक्त पाण्यात बसत नसत. त्यांची दारू बंद होई, जेवण साधे असे, रोज डोंगरात चालावे लागे. श्रीमंत घरातल्या सुस्त माणसाला तेवढ्यानेही बरे वाटले असणार. श्रेय मात्र पाण्याला मिळाले.

लाइपझिगचा टब मुंबईत

‘विषारी द्रव्ये’ ही कल्पना प्रामुख्याने लुई कुने यांनी लोकप्रिय केली. जर्मनीतील लाइपझिग शहरात उपचार करणाऱ्या कुने यांचे मत असे, की सगळ्या रोगांचे मूळ एकच: शरीरात साठलेले परके द्रव्य. ते बाहेर काढायचे तर कटिस्नान आणि साधा शाकाहार. त्यांच्या पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. त्यांचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध वाचक म्हणजे महात्मा गांधी.

१९०२ साली गांधीजी मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, आजारी पडला. सोबत न्यूमोनियाही होता आणि रात्री तो वातात बरळत असे. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींना ते मान्य नव्हते. त्यांनी कुने यांच्या पद्धतीने कटिस्नान सुरू केले, पण एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. ताप १०४ अंश फॅरनहाइटवर गेला तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून वर ब्लँकेट घातले. घाम आला, ताप उतरू लागला, आणि पुढे अनेक दिवस पातळ दूध व फळांचा रस देऊन मुलगा बरा झाला.

आत्मकथेत हा प्रसंग सांगताना गांधीजींनी दोन गोष्टी प्रांजळपणे लिहिल्या आहेत. एक, नाडी आणि छाती आपल्याला तपासता येत नाही म्हणून त्यांनी त्याच डॉक्टरांना अधूनमधून येऊन पाहण्याची विनंती केली होती. दुसरी, मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, पाण्याने झाला, की आहार आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असेही त्यांनी म्हटले आहे.

हा उपचार आज टायफॉइडवर कोणीही करू नये. १९०२ साली त्यावर प्रतिजैविक नव्हते. त्या काळी मोठ्या रुग्णालयांतही जर्मन डॉक्टर अर्न्स्ट ब्रँड यांच्या पद्धतीने टायफॉइडच्या रुग्णाला दर काही तासांनी थंड पाण्यात बसवत. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि चित्र बदलले.

गांधीजींचा जलोपचारावरचा विश्वास मात्र टिकला. १९४२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात कटिस्नानाच्या टबाचे मापही दिले आहे. मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला आले आणि तिथल्या निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढवला. कटिस्नान हा शब्द मराठी घरांत रुळला, त्यात या परंपरेचा मोठा वाटा आहे.

एका बापाचा पंप

याच सुमारास अमेरिकेत वेगळ्या कारणाने टब घरी येत होता. कॅलिफोर्नियातील जकुझी कुटुंब शेतीसाठी पाण्याचे पंप बनवत असे. त्यातील कँडिडो जकुझी यांच्या लहानग्या केनेथला संधिवात झाला. रुग्णालयात पाण्यातल्या उपचाराने त्याला आराम पडे, पण तो परिणाम टिकत नसे. तेव्हा वडिलांनी घरातल्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला. केनेथचा संधिवात त्यामुळे गेला नाही आणि पुढेही त्याला चाकांची खुर्ची लागली. दुखणे मात्र हलके होई.

पाण्याचा खरा उपयोग या उदाहरणात नीट दिसतो. कोमट पाण्याने स्नायू सैल होतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले तर सांध्यांवरचा भार साधारण निम्मा होतो. विषारी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम मात्र यकृत आणि मूत्रपिंडे करतात. त्यासाठी टब लागत नाही.

मग घडीचा टब घ्यावा का?

वरच्या सगळ्या गोष्टींत एक सामाईक दुवा आहे. ब्रँडच्या टबाशेजारी परिचारिका असे, मणिलालजवळ वडील होते, केनेथजवळ घरचे होते. आता टब घरी आला आहे, पण शेजारी थांबणारा माणूस त्याच्यासोबत येत नाही. अपघात इथेच होतात.

तेव्हा हे लक्षात ठेवा:

- मूळव्याध किंवा फिशरसाठी मोठ्या टबाची गरज नाही. रुंद घमेल्यात किंवा कमोडवर बसणाऱ्या सिट्झ बाथच्या भांड्यात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटे बसणे पुरते.
- गुडघ्यांना फायदा होतो तो पाण्यात केलेल्या व्यायामाने, आणि त्याला जागा लागते. घडीच्या टबात नुसते बसल्याने तात्पुरता शेक मिळतो. तेवढीच अपेक्षा ठेवा.
- पाणी ३७ ते ३९ अंश सेल्सिअस असावे आणि ते थर्मामीटरने मोजावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाय भाजला तरी कळत नाही. अशा वेळी तापमान दुसऱ्या कोणीतरी तपासावे.
- गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर भार येतो. हृदयविकार असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, फिट्स येत असतील किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप असताना किंवा उघडी जखम असताना टबात बसू नका.
- उठताना चक्कर येते. मऊ टबाची कड धरून आधार मिळत नाही. बाजूला भक्कम स्टूल हवे आणि हाक ऐकू येईल इतक्या जवळ माणूस हवा.
- मध्यम आकाराच्या टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे दहा-बारा बादल्या. उकळते पाणी बादलीने वाहून नेऊ नका. काम झाले की टब लगेच रिकामा करा. भरलेला टब लहान मुलासाठी विहिरीइतकाच धोकादायक आहे.

आणि दुखणे दोन आठवड्यांत कमी झाले नाही, शौचातून रक्त जात राहिले किंवा सांधा सुजून लाल झाला, तर टबातला वेळ वाढवू नका. तपासून घ्या.