पहिला गेमिंग संगणक: सुट्या भागांची निवड आणि ‘ओव्हरक्लॉकिंग’चे गणित

सुटे भाग निवडून, ते एका कॅबिनेटमध्ये जोडून संगणक तयार करणे याला बाजारात ‘असेंबल’ करणे म्हणतात. गेम खेळण्यासाठी पहिला संगणक घेणाऱ्या अनेक तरुणांना हाच मार्ग परवडतो, कारण कोणत्या भागावर किती खर्च करायचा हे त्यांच्या हाती राहते. ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा मेमरी उत्पादकाने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवणे. हे दोन विषय वेगळे वाटले, तरी दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: यंत्रात निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी काढायची? मध्य प्रदेशातील बालाघाटच्या उदाहरणावरून तो चांगला समजतो.

बालाघाटचे तांबे, बालाघाटचे ऊन

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते आणि मराठी बोलणारी कुटुंबे येथे आजही आहेत. गोव्याची ओळख जशी लोहखनिजाशी जोडलेली, तशी या जिल्ह्याची ओळख तांबे आणि मँगनीज यांच्याशी जोडलेली आहे. मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण आहे, तर भरवेली येथे ‘मॉईल’ची खोल भूमिगत मँगनीज खाण आहे.

हे दोन्ही धातू गेमिंग संगणकात असतात. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरचा तळ आणि त्यातील नळ्या बहुधा तांब्याच्या असतात, कारण तांबे ॲल्युमिनियमच्या सुमारे १.७ पट चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या ‘सीआर २०३२’ सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड असते. दुसरीकडे, मे महिन्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. संगणक थंड ठेवणारा धातू ज्या मातीत सापडतो, तिथलाच उन्हाळा संगणकाची कठोर परीक्षा घेतो.

आधी मॉनिटर ठरवावा

खरेदीची सुरुवात प्रोसेसरपासून करण्याचा प्रघात आहे; पण आधी मॉनिटर ठरवणे हिताचे. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर ‘फोर के’ पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे चौपट. प्रत्येक क्षणचित्रासाठी हे सर्व ठिपके ग्राफिक्स कार्डाला रंगवावे लागतात. पहिल्या संगणकासाठी १०८० रेषांचा पडदा पुरेसा होतो आणि त्यामुळे महागड्या कार्डाची गरज उरत नाही.

त्यानंतर कोणते गेम खेळायचे हे पाहावे. ‘वॅलरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ यांसारख्या वेगवान स्पर्धात्मक खेळांत प्रोसेसरचे महत्त्व वाढते. विस्तीर्ण, चित्रमय जगाच्या खेळांत मात्र भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो.

पैसा कुठे घालावा?

* ग्राफिक्स कार्ड: एकूण खर्चाचा सर्वात मोठा हिस्सा, साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश, यावर ठेवावा.
* प्रोसेसर: आधुनिक सहा कोअरचा मध्यम किमतीचा प्रोसेसर पुरतो. इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असल्यास त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. स्वतंत्र कार्ड नंतर घेण्याचा विचार असेल, तर असा प्रोसेसर टाळावा.
* मदरबोर्ड: प्रोसेसरचे सॉकेट आणि मेमरीचा प्रकार जुळला पाहिजे. ‘डीडीआर ४’ची पट्टी ‘डीडीआर ५’च्या खाचेत बसत नाही.
* मेमरी: १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन मार्गांनी माहितीची ये-जा झाल्याने खेळ अधिक सुरळीत चालतो.
* साठवण: ‘एनव्हीएमई’ प्रकारची एसएसडी घ्यावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जुने चित्रपट व छायाचित्रांसाठी ठीक आहे.
* कॅबिनेट: काचेच्या दर्शनी भागापेक्षा जाळीचा दर्शनी भाग हवा खेळवतो. पंखे समोरून हवा आत घेणारे आणि मागून बाहेर टाकणारे असावेत.

दुर्लक्षित भाग: एसएमपीएस

वीज पुरवणाऱ्या या डब्यावर सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि सर्वात मोठे नुकसान त्यामुळेच होऊ शकते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असे नाही. तो बिघडताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो, म्हणजे घरच्यांनी वर्षभर साठवलेली रक्कम एका क्षणात वाया. ‘८० प्लस’ प्रमाणपत्र, नामांकित कंपनी आणि दीर्घ वॉरंटी या तीन गोष्टी पाहाव्यात. हे प्रमाणपत्र वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. संरक्षक मंडलांची माहिती वेगळी वाचावी.

यूपीएस घेतानाही व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना संगणक व मॉनिटर मिळून याहून अधिक वीज घेत असतील, तर वीज जाताच तोही बंद पडेल. घराचे अर्थिंग योग्य आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरची गती ही मूळ घड्याळाची गती आणि एक गुणक यांच्या गुणाकारातून येते. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या ‘सेलेरॉन ३०० ए’ची कथा प्रसिद्ध आहे. ६६ मेगाहर्ट्‌झ आणि ४.५ हा गुणक मिळून त्याची गती ३०० मेगाहर्ट्‌झ होई. हौशी मंडळींनी मूळ घड्याळ १०० वर नेले आणि तोच स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झने धावू लागला. निम्म्या पटीने वाढ, तीही जवळजवळ फुकट!

आज ते दिवस राहिलेले नाहीत. आधुनिक प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच आपली गती वाढवतात. हाताने वाढवायला फारसे उरत नाही. शिवाय सर्वांनाच ही मुभा नसते. इंटेलमध्ये सामान्यतः ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुले असतात, पण ‘ए’ मालिकेच्या मदरबोर्डांवर ही सोय नसते.

खरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, गती ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्‌झ केली आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावे लागले. गती वाढली सुमारे ७ टक्के. वीज आणि उष्णता वाढली सुमारे २५ टक्के. ग्राफिक्स कार्डच अपुरे पडत असेल, तर ते ७ टक्केही खेळात दिसत नाहीत.

याला ऋतूची जोड द्यावी. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत सुमारे ८५ अंशांवर जाईल. ९५ ते १०० अंशांच्या आसपास तो स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. म्हणजे जानेवारीत जमलेले ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात उलट संगणक मंदावू शकते.

अधिक व्होल्टेजचा धोका काल्पनिक नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हे त्यामागचे कारण असल्याचे कंपनीनेच सांगितले, दुरुस्तीचा कोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान मात्र सहसा वॉरंटीत बसत नाही.

करायचेच असेल तर

१. प्रथम बायोसमध्ये मेमरीचे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ प्रोफाइल सुरू करावे. ते केल्याशिवाय मेमरी पाकिटावर छापलेल्या गतीने चालत नाही.

२. मग ‘अंडरव्होल्टिंग’ करून पाहावे: गती तीच, व्होल्टेज थोडे कमी. उष्ण प्रदेशात हाच उपाय अधिक शहाणपणाचा, कारण थंड राहिलेला प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वरच्या गतीवर टिकतो.

३. गती वाढवायची असल्यास एका वेळी एकच बदल, तोही अल्प करावा. प्रत्येक बदलानंतर ‘सिनेबेंच’सारखी चाचणी चालवून तापमान पाहावे. चाचणी दुपारी, पंख्याखाली, नेहमीच्या खोलीतच घ्यावी.

४. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज तोडून मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बायोस पूर्ववत करावे. अनेक बोर्डांवर ‘सीआर २०३२’ सेल काही मिनिटे काढून ठेवला तरी काम होते.

हवामानानुसार काळजी

बालाघाट आणि विदर्भात खिडकीला पाण्याचा कूलर असतो. तो खोली थंड करतो, पण त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. कोरड्या दिवसांत अंगावर स्थिर वीज साचते. सुटे भाग हाताळण्यापूर्वी धातूच्या वस्तूला स्पर्श करावा.

गोव्यात तापमान तितके चढत नाही. येथील शत्रू दमटपणा आणि किनाऱ्याची खारी हवा. त्यामुळे धातूचे संपर्कबिंदू गंजतात. पावसाळ्यात संगणक महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवावा, विजांच्या कडकडाटात प्लग काढून ठेवावा आणि पंख्यांवरील धूळ नियमित झाडावी.

खरेदी पणजीत असो वा नागपुरात, प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्यावे, सेवा केंद्र किती दूर आहे ते विचारावे आणि भागांचे खोके वॉरंटी संपेपर्यंत जपावेत. ओव्हरक्लॉकिंगसाठी राखून ठेवलेले जादा पैसे पहिल्या संगणकात चांगल्या एसएमपीएसवर व हवेशीर कॅबिनेटवर खर्च झाले, तर त्यांचा उपयोग बाराही महिने होतो.