हातोडीपलीकडची विद्या

१/ २०१७ साली अमेरिकेतील डॅलस येथे ज्यूरीने एका गॅरेजला ३ कोटी १५ लाख डॉलरच्या भरपाईस जबाबदार धरले. गारपिटीने खराब झालेले होंडा फिटचे छप्पर बदलताना तेथील कारागिरांनी, निर्मात्याने सांगितलेले स्पॉट वेल्डिंग न करता, ते गोंदाने चिकटवले होते. दिसायला काम निर्दोष. पुढे तीच गाडी दुसऱ्यांनी विकत घेतली आणि २०१३ च्या अपघातात आतील दांपत्य गंभीर जखमी झाले.

२/ 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणून आपण ज्याची सहज बोळवण करतो, त्या कामाला शाळा का लागते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

३/ पूर्वी बहुतेक अमेरिकी मोटारींना खाली जाड पोलादी चासी असे आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. पत्रा चेपला की आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी चालवायची. चासी वाकलीच तर गॅसच्या ज्योतीने तापवून ओढायची. धंदेशिक्षणाला केंद्राचा निधी देणारा स्मिथ-ह्यूज कायदा १९१७ चाच. तरी हे कसब मुख्यतः उस्तादाशेजारी उभे राहूनच हाती येई.

४/ ही घडी मोडली ती तेलाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ च्या कायद्याने मोटारींना इंधनबचतीची सक्ती केली. वजन घटवण्यासाठी चासी गेली आणि वेल्ड केलेली बॉडीच सांगाडा झाली. ही युनिबॉडी युरोपात नवी नव्हती: लान्सिया लॅम्डा १९२२ ची, सित्रोएन त्राक्स्याँ आव्हाँ १९३४ ची. आपली अँबेसेडरदेखील याच कुळातली!

५/ येथे जुने कसबच घातक ठरू लागले. उच्च-ताकदीचे पोलाद ज्योतीने तापवले की त्याचे बळ जाते. मोजमाप काही मिलिमीटर चुकले तरी चाकांची ठेवण बिघडते. शिवाय धडकेत कोणता भाग चुरडावा आणि कोणता टिकावा, हे आधीच ठरवलेले असते.

६/ म्हणून १९७९ मध्ये वाहननिर्माते, विमा कंपन्या, दुरुस्तीवाले व शिक्षक यांनी मिळून 'आय-कार' ही ना-नफा संस्था काढली. एरवी बिलावरून भांडणारे हे पक्ष एकत्र बसले, हे मला विशेष वाटते. युनिबॉडीची दुरुस्ती हा तिच्या आरंभीच्या शिकवणीचा गाभा होता. पुढे वेल्डिंगची प्रत्यक्ष परीक्षाही आली: उमेदवाराने जोडलेल्या पट्ट्या मोडेपर्यंत ताणून पाहतात.

७/ २०१५ मध्ये फोर्डने एफ-१५० ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची केली. पोलादाचे कण ॲल्युमिनियमला गंजवतात. त्यामुळे हातोडीसुद्धा वेगळी ठेवावी लागली. शिकलेल्या कारागिरांना पुन्हा वर्गात बसणे आले.