कोसापासून उपग्रहापर्यंत

रायपूरहून धमतरी, कांकेर, केशकाल या मार्गाने जगदलपूरला जाणारा जो हमरस्ता आहे, त्यावरून सरकारी कामानिमित्त मला वरचेवर जावे लागते. अशाच एका प्रवासात, केशकालचा घाट चढून गेल्यावर, आमची गाडी हमरस्ता सोडून सालवनात शिरली. गाडी चालविणारा तरुण बिलासपूरकडचा. हा मुलूख त्याला नवा होता. त्याने आपला मोबाईल समोरच्या काचेजवळ अडकवून ठेवला होता, आणि त्यातील बाईंचा आवाज सांगेल तेथे तो निमूटपणे वळत होता. इतक्या आज्ञाधारकपणे त्याने माझे कधी ऐकल्याचे मला स्मरत नाही. सातआठ किलोमीटर गेल्यावर एक मोरी वाहून गेलेली आढळली. आम्ही डावीकडच्या गाडीवाटेला लागलो, आणि तेवढ्यात मोबाईलची रेंज गेली. बाई गप्प झाल्या. पडद्यावरचे रस्ते, नाले, गावांची नावे पुसली जाऊन एक कोरा पांढरा चौकोन उरला, आणि त्या कोऱ्या चौकोनावर एक निळा ठिपका मात्र आमच्याबरोबर संथपणे सरकत राहिला. यंत्र बिघडले, असे तो तरुण घाबऱ्या स्वरात म्हणाला.

यंत्र बिघडले नव्हते. आपण ज्याला सरसकट ‘जीपीएस’ म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. ठिपका येतो आकाशातून. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे अमेरिकेचे उपग्रह सतत एवढेच सांगत असतात की, मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. तो संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा आले, हे पाहून हातातील यंत्र आपले स्थान काढते. उपग्रह आपल्याला पाहत असतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला आपला पत्ताही नसतो. या कामास मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याची गरज नाही. नकाशाची गोष्ट वेगळी. तो माणसांनी केलेला असतो आणि बहुधा मनोऱ्यामार्फत येतो. म्हणून त्या रानात आम्ही कोठे आहोत हे आम्हांला काही हातांच्या अंतरापर्यंत ठाऊक होते. जावे कोणीकडे, हे मुळीच ठाऊक नव्हते.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहताना मला कॅप्टन ब्लंटची आठवण झाली. इ. स. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा हा अधिकारी काशीजवळच्या चुनारगडाहून निघाला. मधल्या अज्ञात मुलखातून आंध्रकिनाऱ्याकडे जाणारी वाट शोधावयाची, हे त्याचे काम. रतनपूर, रायपूर, कांकेर असा त्याचा मार्ग होता. छत्तीसगड त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. बिंबाजी भोसले १७८७ मध्ये वारल्यानंतर रतनपूरला सुभेदार नेमून कारभार चाले, आणि ब्लंट आला तेव्हा विठ्ठल दिनकर हा सुभेदार होता. म्हणजे इंग्रज मोजणीदार ज्या रायपुरात शिरला, तेथला अंमल मराठी होता. आजही रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे; मोबाईलमधील बाई ते नाव आपल्या ठरावीक हिंदी सुरात घेतात, तेव्हा मला उगाच हसू येते.

त्या काळच्या मोजणीदाराजवळ होकायंत्र असे, अंतर मोजण्याचे चाक असे, आणि आकाश निरभ्र असेल तर सूर्याची किंवा ताऱ्याची उंची घेऊन त्याला अक्षांश काढता येई. रेखांशाचे मात्र हाल होते. रेखांश काढावयाचा म्हणजे दूरच्या एखाद्या ठिकाणी या क्षणी किती वाजले आहेत हे कळावयास हवे. त्यासाठी हवे बिनचूक घड्याळ, आणि बैलाच्या पाठीवरून नदीनाले उतरताना बिनचूक राहील असे घड्याळ मिळणे दुर्मीळ. उरलेले सर्व ज्ञान विचारून मिळवावयाचे. पुढचे पाणी कोठे, नदीला उतार कोठे, कोणत्या जमीनदाराचे कोणाशी वाकडे आहे, ही माहिती हरकारे, व्यापारी आणि वाटाडे देत. अंतर कोसात सांगितले जाई, आणि कोस तर प्रांतागणिक, क्वचित सांगणाऱ्याच्या पायांगणिक बदले.

जुन्या काळच्या या विचारपुशीविषयी आज हळवेपणाने बोलण्याची रीत पडली आहे. तेव्हा माणूस माणसाला वाट विचारी, आता काचेला विचारतो, असे म्हणतात. परंतु सरकारी माणसाला वाट दाखविणे हे पुष्कळदा सौजन्य नसे, वेठ असे. आपल्याकडे गावच्या महाराने हातचे काम टाकून अंमलदाराला पुढल्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवावयाचे, असा रिवाज होता. त्याच्या मजुरीची चौकशी कोणी करीत नसे. काचेतील बाईंनी निदान हे एक ओझे उतरविले, एवढे मान्य केले पाहिजे.

ब्लंटला बस्तरमध्ये काही शिरता आले नाही. भोपालपट्टनमजवळ इंद्रावती ओलांडण्याचा त्याचा प्रयत्न तेथल्या गोंडांनी शस्त्रे घेऊन हाणून पाडला. आपला प्रवासवृत्तांत त्याने पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रज लेखकांनी अशा प्रसंगांना रानटीपणा म्हणून वासलात लावली आहे. मला ते पटत नाही. चाक फिरवीत, कागदावर टिपणे घेत जाणारा परका माणूस हा वाटसरू नव्हे, इतके त्या लोकांनी ओळखले होते, आणि पुढील इतिहासाने त्यांचा संशय खरा ठरविला. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यू छत्तीसगडचा अधीक्षक म्हणून आला आणि त्याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६९ मध्ये ह्यूइटने रायपूर जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल सादर केला. पहिल्या मोजणीपासून पक्क्या आकारणीपर्यंत पाऊणशे वर्षे लागली.

याच सुमारास सबंध हिंदुस्थान त्रिकोणांच्या जाळ्यात पकडण्याचे प्रचंड काम चालू होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्टनने ते सुरू केले. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर, देवळाच्या शिखरावर चढवावयाचा, दूरचा दिवा किंवा निशाण हेरून कोन घ्यावयाचे, आणि एका त्रिकोणावर दुसरा रचीत उत्तरेकडे सरकावयाचे. वीस वर्षांनंतर नागपूरकडे येत असता वऱ्हाडच्या सीमेपलीकडे हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन वारला. त्याची कबर तेथेच आहे. कापसाच्या गाड्या मोजणाऱ्या त्या गावात पृथ्वी मोजणारा माणूस पुरला आहे, हे तिकडून जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यावर आपले नकाशे दीड शतकाहून अधिक काळ उभे होते. उपग्रहांचे गणित निराळे. त्यामुळे जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाईलमध्ये घातले, तर रायपूरच्या परिसरात ठिपका शेदोनशे मीटर बाजूला जाऊन पडतो. आमच्या एका नवख्या सहकाऱ्याने असे करून एक विहीर तळ्यात नेऊन बुडविली होती, ती कागदावर, एवढेच दैव.

हे सर्व ज्ञान राज्यसत्तेचे होते आणि ती ते जपून ठेवी. उपग्रहांचा प्रकारही आरंभी तोच होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये ही योजना हाती घेतली आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडला. १९८३ मध्ये वाट चुकून सोविएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले, तेव्हा ही सोय नागरी वापरास खुली करण्याचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले. तथापि नागरी संदेशात मुद्दाम खोट मिसळलेली असे, आणि शंभर मीटरपर्यंत चूक पडे. ही खोट २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, हा योगायोग मला नेहमी आठवतो: या राज्याला आपल्या बाल्यावस्थेतच खरा ठिपका मिळाला. परक्याच्या मर्जीवर विसंबू नये म्हणून भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात आपली उपग्रहमालिका सोडली. तिलाच ‘नाविक’ म्हणतात. तिच्या पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली, आणि २०२३ मधील उपग्रहात स्वदेशी घड्याळ बसविण्यात आले. ब्लंटच्या काळी अडले ते घड्याळाशी, आणि आजही अडते ते घड्याळाशीच. सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटरचा फरक. नकाशांवरची बंधने आपल्याकडे त्याहून उशिरा सुटली. खाजगी माणसाने नकाशा करावयाचा तर पूर्वी परवानगीची पायरी चढावी लागे. फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती भारतीयांपुरती बहुतांशी काढून टाकली.

आता पुन्हा त्या रानाकडे वळतो. ज्या गावी आम्हांला जावयाचे होते, त्याचे नाव मोबाईलने जेथे दाखविले होते तेथे वस्ती नव्हती. एक बंद पडलेला नाका आणि वारूळ होते. इकडचे गाव आपल्या देशावरच्या गावासारखे एका गावकुसात मावत नाही. चारपाच पारे म्हणजे वाड्या, एकमेकींपासून दोनदोन, तीनतीन किलोमीटरवर. गुरे राखणाऱ्या एका मुलाने कोणत्या पाऱ्यात जायचे म्हणून विचारले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. कागदावर फक्त गावाचे नाव होते. शेवटी शेतकऱ्याचे नाव सांगितल्यावर त्याने एक शब्द न बोलता हात दाखविला.

काम होते वनाधिकाराच्या दाव्याची जागा पाहण्याचे. २००६ च्या कायद्याप्रमाणे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्यास, चार हेक्टरांच्या मर्यादेत, तिच्यावरील हक्क मिळू शकतो. आता अशा जमिनीच्या कडेने हातयंत्र घेऊन चालतात, आणि ठिपक्यांची ओळ हीच हद्द म्हणून नोंदतात. दावेदार म्हातारा हलबी बोलत होता. त्या भाषेवर मराठीची इतकी छाया आहे की निम्मे बोलणे मला दुभाष्यावाचून समजले. त्याचे शेत म्हणजे नाल्याकाठचा एक लांबट पट्टा, रुंदी वीसबावीस मीटरांहून जास्त नसेल. उघड्या आकाशाखाली साध्या यंत्राची चूक पाचएक मीटरची असते; दाट झाडीखाली ती वाढते. एकर दोन एकरांच्या चौरस शेताला हे सोसते, या पट्ट्याला सोसण्यासारखे नव्हते. दोन्ही बाजूंनी पाचपाच मीटर गेले, तर निम्मे शेत जाणार.

पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, अनुभवी होता. एका कोपऱ्यावर जुने महुआचे झाड होते. त्याच्या सावलीत आकडे नाचू लागले, तेव्हा तो दहाबारा पावले बाहेर मोकळ्यावर सरकला आणि आकडे स्थिर होताच नोंद करू लागला. म्हातारा त्याच्यामागून गेला नाही. तो महुआच्या बुंध्याला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला की हद्द येथे आहे. पटवाऱ्याने त्याला यंत्राची अडचण समजावून सांगितली. दहा पावलांनी काय बिघडते, असेही विचारले. म्हातारा जागचा हलला नाही. त्याच्या बापाने ते झाड वेचले होते, आईने वेचले होते, आणि फुले पडतात ती जमीन कोणाची, यावरून शेजारच्या पाऱ्याशी एकदा त्यांचा तंटाही झाला होता.

मी फीत आणावयास सांगितली. मोकळ्यावरच्या बिंदूपासून झाडापर्यंतचे अंतर आणि दिशा मोजून घेतली, आणि नमुन्यात झाडांसाठी रकाना नसल्यामुळे शेऱ्याच्या जागेत लिहिले: आग्नेय कोपरा महुआचे झाड, यंत्रबिंदूपासून नऊ मीटर चाळीस. वनाधिकार समितीच्या लोकांनी खाली अंगठे आणि सह्या केल्या. त्यानंतर म्हाताऱ्याने पटवाऱ्याच्या हातातील यंत्र मागून घेतले, त्यावरचा ठिपका न्याहाळला, आणि ते तसेच हातात धरून पुढच्या कोपऱ्याकडे चालू लागला.